अकरा तालुके, एक साचा: वेबपेज बनवताना टेम्प्लेट इंजिन कशाला लागतं?

मराठी विकिपीडियावर बीड जिल्ह्यातल्या एखाद्या तालुक्याचा लेख उघडा. खाली तालुक्यांची पट्टी दिसेल: बीड, गेवराई, माजलगाव, वडवणी, धारूर, केज, अंबाजोगाई, परळी, पाटोदा, आष्टी, शिरूर कासार. केजच्या लेखात दिसते तीच परळीच्याही लेखात. ही पट्टी अकरा वेळा लिहिलेली नसते. ती एका वेगळ्या पानावर एकदाच लिहितात आणि लेखात दुहेरी महिरपी कंसांत तिचं नाव टाकतात. विकिपीडियावर अशा पानाला ‘साचा’ म्हणतात. टेम्प्लेटला याहून चपखल मराठी शब्द सापडणं अवघड आहे.

याचा फायदा कळायला लांब जायला नको. 2023 मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, 2024 मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. तिन्ही जिल्हे बीडला लागूनच. नाव साच्यात असेल तर एका जागी बदललं की सगळीकडे बदलतं. नसेल तर पान न् पान उघडत बसा.

मग साधा कोड काय वाईट?

वाईट काहीच नाही. रास्मुस लेरडॉर्फ यांनी 1995 मध्ये लोकांसमोर आणलेली पीएचपी याच कामासाठी होती: एचटीएमएल लिहा आणि मध्ये मध्ये कोड पेरा. त्यामुळे ‘पीएचपी हेच टेम्प्लेट इंजिन आहे, त्यावर स्मार्टी किंवा ट्विग कशाला?’ हा प्रश्न रास्तच आहे. दुकानाची दोन-तीन पानं असतील तर साधा कोड पुरतो.

अडचण पुढे येते. एकाच फाईलमध्ये डेटाबेसमधून माहिती काढणं, हिशोब आणि पानाची मांडणी असं सगळं कालवलं जातं. रंग बदलायला गेलेला माणूस चुकून हिशोब मोडतो.

आणि खरा धोका सुरक्षेचा आहे. समजा, ग्रामपंचायतीच्या वेबसाईटवर तक्रारीचा फॉर्म आहे. कुणी नावाच्या रकान्यात नावाऐवजी जावास्क्रिप्टचा तुकडा टाकला आणि तुमच्या कोडने तो जसाच्या तसा पानावर छापला, तर ती यादी उघडणाऱ्या प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये तो तुकडा चालतो. लॉग-इन केलेल्या कर्मचाऱ्याच्या नावाने मग काहीही करता येतं. साध्या पीएचपीत हे टाळायला दर वेळी आठवणीने वेगळं फंक्शन वापरावं लागतं. शंभर ठिकाणी वापरलं आणि एका ठिकाणी विसरलं, तरी दार उघडंच. ट्विग किंवा जँगोचं टेम्प्लेट अशी चिन्हं आपोआप निष्प्रभ करतं.

साच्यातच डोकं घातलं तर?

विकिपीडियाने हेही भोगलंय. साच्यांमध्ये ‘असं असेल तर हे, नाहीतर ते’ अशा अटी येत गेल्या. साचे इतके गुंतागुंतीचे झाले की ते वाचता येईनात आणि मोठी पानं तयार व्हायला वेळ लागू लागला. शेवटी 2013 मध्ये अशा कामांसाठी लुआ ही खरीखुरी प्रोग्रामिंग भाषा जोडावी लागली. म्हणजे हिशोब कोडकडे, मांडणी साच्याकडे.

पायथन शिकणाऱ्यांसाठी एक खाचखळगा: जिंजा हे इंजिन एकटं वापरलं, तर वर सांगितलेलं संरक्षण सुरू नसतं, ते स्वतः सुरू करावं लागतं. फ्लास्कसोबत वापरलं, तर एचटीएमएल फाईल्ससाठी फ्लास्क ते सुरू करून देतं.