प्रतिमांचे पीडीएफ रूपांतर (कमांड लाइन)
जेपीईजी, पीएनजी अशा प्रतिमा-फायली टर्मिनलवर आज्ञा देऊन पीडीएफमध्ये बांधण्याची पद्धत. जॉन क्रिस्टी यांनी ड्यूपाँट कंपनीत असताना १९८७ मध्ये सुरू केलेले इमेजमॅजिक हे यातील सर्वांत परिचित साधन. मात्र ते जेपीईजी उलगडून पुन्हा संकोचित करते. दर्जा किंचित घटतो. आयएमजीटूपीडीएफ हे दुसरे साधन मूळ जेपीईजी जशीच्या तशी बसवते, म्हणून स्कॅन केलेल्या कागदपत्रांसाठी तेच सरस. इमेजमॅजिक पीडीएफ वाचण्यासाठी ज्यावर विसंबते त्या घोस्टस्क्रिप्टमधील सुरक्षात्रुटींमुळे २०१८ नंतर काही लिनक्स वितरणांनी इमेजमॅजिकचे पीडीएफ-काम बंद ठेवले. टर्मिनल फायली सहसा नावांच्या अक्षरक्रमाने घेते, त्यामुळे दहावे पान दुसऱ्याच्या आधी येते. म्हणून फायलींना क्रमांक ००२, ०१० असे द्यावेत. अशा पीडीएफमधील मजकूर शोधता येत नाही; त्यासाठी टेसरॅक्ट हे अक्षर-ओळख (ओसीआर) साधन वापरावे आणि मराठी मजकुरासाठी त्याची मराठी भाषा-फाइल बसवावी.