पॅकेजांची भांडणं
लिनक्स अपडेट करायला आज एक-दोन ओळी टाइप केल्या की भागतं. जुलै १९९८ मध्ये लिनक्सचं डेबियन २.० आलं तेव्हा मात्र वापरणाऱ्यांना घाम फुटला. ‘टॉय स्टोरी’तल्या डुकराच्या गल्ल्याचं नाव मिरवणाऱ्या या ‘हॅम’ आवृत्तीत पायाभूत सी लायब्ररीच (लिबसी) बदलली होती. जुने प्रोग्राम लिबसी५ वर अडून बसलेले, नव्यांना लिबसी६ च हवी. प्रोग्रामांची पॅकेजं बसवणारं डीपीकेजी हे साधन काय अडलंय ते सांगे. हवं ते पॅकेज शोधून आणणं त्याच्या कामात बसत नव्हतं. पॅकेजं योग्य क्रमाने चढावीत म्हणून ‘ऑटोअप’ नावाची खास स्क्रिप्ट लिहावी लागली.

मार्च १९९९ मध्ये डेबियन २.१ सोबत पॅकेजं शोधून आणणारं ॲप्ट आलं. शोधाशोध संपली, भांडणं मात्र संपली नाहीत.

कुठली पॅकेजं एकत्र नांदतील हे ठरवणं गणितीदृष्ट्याच अवघड. २००८ साली ओपनसूझे ११.० या दुसऱ्या लिनक्सने त्यासाठी सॅट सॉल्व्हर, म्हणजे अशी तर्ककोडी सोडवणारा प्रोग्राम, कामाला लावला. तरीही २०२१ मध्ये पॉप ओएस या लिनक्सवर स्टीम हे गेमचं ॲप बसवताना एका कॅनेडियन यूट्यूबरने इशारा डावलून होकार टाइप केला आणि अख्खा डेस्कटॉप उडाला! चूक मुळात पॅकेजांच्या जुळणीतली, त्याची नव्हे. पण काय काय काढलं जाणार, ती यादी ॲप्टने आधीच पडद्यावर दाखवली होती. अपडेट अडलं, तर ती यादी आधी वाचा.