विविधभारतीची जाहिरातसेवा

आकाशवाणीची व्यापारी प्रसारणसेवा. १ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबई, पुणे व नागपूर येथून विविधभारती या आकाशवाणीच्या मनोरंजनसेवेवर जाहिराती सुरू झाल्या. सरकारी नभोवाणीला त्याआधी जाहिरातीचे वावडे होते.

चित्रपटगीतांचे वावडेही महागात पडले. १९५२ मध्ये माहिती व प्रसारण मंत्री बा. वि. केसकर यांनी चित्रपटगीतांना दार बंद केले आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. तिथे निवेदक अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ टूथपेस्टच्या पैशावर चालत होती. श्रोत्यांना परत आणण्यासाठी १९५७ मध्ये विविधभारती सुरू झाली. पुढे सरकारने नेमलेल्या अशोक चंदा समितीने जाहिरातींची शिफारस केली.

उत्पन्नाचे मार्ग दोन. गाण्यांच्या मधल्या काही सेकंदांच्या जाहिरातींना ‘स्पॉट’ म्हणत. त्यांचा दर लांबी व वेळेनुसार ठरे. १९७० पासून प्रायोजित कार्यक्रम आले. त्यांत निर्मितीचा खर्चही प्रायोजकच उचली आणि नाव गाजवून घेई. ऐकणे मात्र पूर्णपणे फुकट नव्हते: रेडिओ बाळगायला परवाना लागे आणि त्याचे शुल्क टपाल कार्यालयात भरावे लागे. म्हणजे श्रोता शुल्क भरून वर जाहिरातीही ऐके. हे परवाने १९८० च्या दशकात रद्द झाले.