सोंग आणि बलुते

भूमिकाखेळांत प्रत्येक पात्रवर्गाचे काम आधीच ठरवून द्यावे काय, हा वाद जुना आहे. १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ आला, तेव्हा त्यात योद्धा, जादूगार आणि पुरोहित असे तीनच वर्ग होते. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने प्रत्येक वर्गावर रक्षक, प्रहारक, नेता वा नियंत्रक अशी पाटी लावली. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने ती काढून टाकली. पाटीने खेळाडू बांधला जातो, असे एक पक्ष म्हणतो. पाटीवाचून कोणी काय करावे हेच कळत नाही, असे दुसरा.

बीड जिल्ह्यातून पाहता हा वाद आम्हांस निराळा दिसतो. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. तिच्याच काठी, थोडे वरच्या अंगाला, पैठण आहे. तेथे सोळाव्या शतकात एकनाथांनी भारुडे रचली. वासुदेव, जोशी, गोंधळी ही त्यांतली सोंगे लोकांच्या नित्य परिचयाची. वेश दिसताच ओळख पटते; म्हणूनच त्या ओळखीच्या तोंडून निघालेला परमार्थ श्रोत्याला चकित करतो. चौकट पक्की, म्हणून आतली मोकळीक मोठी. 'जोहार' रचनांत तर ब्राह्मण एकनाथ महाराच्या मुखाने बोलतात.

परंतु त्याच मुलखात भूमिकांची दुसरी वाटणीही होती, ती बलुतेदारीची. सुताराने औते करावी, कुंभाराने मडकी घडवावी, महाराने निरोप न्यावा, राखण करावी. मोबदला सुगीत खळ्यावर मिळे. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या 'गांव-गाडा' (१९१५) या ग्रंथात ही रचना तपशिलाने पाहावयास मिळते. कामे ठरलेली होती, हा तिचा खरा दोष नव्हे. ती जन्माने ठरत आणि अंगावेगळी करता येत नसत, हा दोष. एकनाथांना महाराची भूमिका घेता आली आणि ठेवताही आली. महाराला मात्र आपली ठेवता येत नव्हती, मग ब्राह्मणाची घेणे दूरच.

म्हणून भूमिका ठरलेल्या असाव्यात की नसाव्यात, हा प्रश्नच आम्हांस अपुरा वाटतो. ठरलेल्या खुशाल असाव्यात. त्या कोणी वाटल्या, कोणालाही घेता येतात काय, आणि खेळ संपल्यावर उतरवता येतात काय, एवढे मात्र विचारले पाहिजे. तिन्ही उत्तरे समाधानकारक असतील तर ते सोंग. नसतील तर ते बलुते.