मौजा, मुक्काम आणि ठाव

आमगावच्या तहसील कचेरीबाहेर बसणाऱ्या अर्जनवीसाकडून शेतजमिनीचे खरेदीखत लिहवून घेतले, तर मिळकतीच्या वर्णनाचा आरंभ बहुधा ठरलेलाच असतो: ‘मौजा रिसामा, प. ह. नं. अमुक, तहसील आमगाव, जिल्हा गोंदिया’. 1 मे 1999 पूर्वीच्या दस्तांत शेवटी ‘गोंदिया’च्या जागी ‘भंडारा’ आढळेल, एवढाच काय तो फरक. लिहिणारा हे शब्द सरावाने उतरवितो आणि सही करणारा ते सवयीने ऐकतो; परंतु या एका ओळीत जी मंडळी शेजारी शेजारी येऊन बसली आहेत, त्यांची कुळे शोधू लागले म्हणजे असे ध्यानात येते, की जागेला माणसाने जी नावे दिली ती प्रायः मातीची नव्हेतच; कोणी काही ठेवले, कोणी उभे राहिले, कोणी घोड्यावरून उतरले, अशा मानवी कृतींची ती नावे आहेत.

देशावरचा ‘मौजे’ आणि विदर्भातला ‘मौजा’ हे एकाच अरबी ‘मौज़िअ’चे दोन अवतार. त्याच्या मुळाशी असलेल्या धातूचा अर्थ ‘ठेवणे’; म्हणून मौजा म्हणजे, जेथे काही ठेवले आहे ती जागा. याच धातूचे दुसरे अपत्य आपल्या अंकगणितात नांदत आहे आणि त्याचे मौजाशी काही नाते असेल अशी शंकाही कोणास येत नाही: तो शब्द ‘वजा’. हिशेबातून जी रक्कम खाली ठेवली, बाजूला काढली, ती वजा. या दोहोंतला ‘ज’ अरबी लिपीतील ज्वाद या अक्षराचा. ते अक्षर फारसीच्या उच्चाराने घासून आपल्याकडे ‘ज’ झाले आणि अर्ज, हजर, काजी, राजी अशा कितीतरी शब्दांतून दफ्तरात शिरले. ‘जिल्हा’ही त्याच अक्षराचा; मूळ अर्थ बरगडी, आणि त्यावरून बाजू. ‘प. ह. नं.’मधील हलका म्हणजे कडे किंवा वर्तुळ, पटवाऱ्याच्या फिरण्याचा घेर. पटवारी जाऊन तलाठी आला तरी त्याचे कडे कागदावर राहिले आहे. तहसील ही मात्र जागाच नव्हे, ती वसुली. सरकारने जेथवर वसुली करावी तेथवरचा मुलूख तिच्या नावाने ओळखला जाऊ लागला, हे सरकारच्या स्वभावाला धरूनच झाले म्हणावयाचे.

टपालाचा पत्ता पाहावा, तर तेथे ‘मु. पो.’ ही अक्षरे ठाण मांडून बसलेली. मुक्काम म्हणजे उभे राहण्याची जागा. मराठीत तो नेहमी तात्पुरता असतो, दोन दिवसांचा किंवा पावसाळ्यापुरता. उलट त्याच धातूपासून निघालेला त्याचा भाऊ ‘कायम’. त्यामुळे अर्जातील ‘कायमचा पत्ता’ या रकान्यात आपण निमूटपणे ‘मु.’ लिहितो, तेव्हा एकाच घरातील दोन परस्परविरोधी स्वभावांची गाठ घालून देत असतो. मुक्कामापाठोपाठ येणारे पोस्ट लॅटिनचे. टपालाच्या वाटेवर टप्प्याटप्प्याने घोडे व जासूद ठेवलेले असत, त्या ‘ठेवलेल्या’ ठाण्यांवरून युरोपात हा शब्द निघाला. पोस्टात आपण जे डिपॉझिट ठेवतो तेही त्याच लॅटिन धातूचे. अरबाने ठेवले त्याचा मौजा झाला, रोमनाने ठेवले त्याचे पोस्ट झाले, आणि आमगावच्या रहिवाशाला दोन्ही एकाच पत्त्यात लिहावी लागतात.

‘महाल’चे कूळही असेच वाटेवरचे आहे. त्याचा मूळ अर्थ उतरण्याचा तळ. पुढे एका बाजूने तो राजवाडा झाला आणि दुसऱ्या बाजूने महसुलाचा घटक. ज्या आमगावात जमीनदारी होती आणि ज्याच्या आसमंतात मालगुजारांनी बांधलेले तलाव आजही धानाला पाणी देतात, त्या प्रदेशाच्या दृष्टीने दुसरा अर्थ निर्णायक ठरला: मालगुजारी संपुष्टात आणणाऱ्या मध्यप्रदेशच्या 1950 च्या कायद्याच्या नावातच ‘महाल’ हा शब्द होता. हक्क गेले, महाल गेले. तलावांना मात्र ‘माजी मालगुजारी’ हे बिरुद चिकटून राहिले.

आता घरची मंडळी. संस्कृत ‘स्था’ धातूचा परिवार प्राकृताच्या उंबरठ्यावर मूर्धन्य झाला आणि ‘स्थ’चा ‘ठ’ होऊन मराठीत पसरला. शिलाहारांच्या लेखांतील श्रीस्थानक आजचे ठाणे. विदर्भात ठाण्याचा अधिकारी अजून ठाणेदारच. पाण्याचा ठाव लागतो, मनाचा लागत नाही. आणि ज्याचा ठाव लागला ते ‘ठाऊक’ होते. ‘स्थापयति’पासून आलेल्या ‘ठेवणे’ची लीला याहून नाजूक. बारशाला नाव ठेवतात, शेजारणीला नावे ठेवतात; एका मात्रेच्या फरकाने गौरवाची निंदा होते.

स्थळांतील सूक्ष्म भेदांची जाण मराठीला कचेरीने शिकविली, असे मात्र कोणी समजू नये. चौदाव्या शतकातील महानुभावांच्या ‘स्थानपोथी’त चक्रधरस्वामींच्या संचारातील स्थाने नोंदताना दीर्घ वास्तव्याचे ते अवस्थान, रात्र काढली ती वसती, नुसते बसले ते आसन, असे वर्गीकरण आहे. ज्या पंथात निळभट्ट भांडारेकारांसारखा भंडाऱ्याचा शिष्य होऊन गेला, त्या पंथाची ही काटेकोर भक्ती एखाद्या मोजणीदाराने हेवा करावा अशी आहे.

खुद्द ‘गाव’ही प्रारंभी स्थिर नव्हता. वैदिक ‘ग्राम’ म्हणजे फिरता जनसमूह. असे दोन समूह समोरासमोर आले की संग्राम होई. आमगावाला लागून असलेल्या कुंभारटोलीच्या नावात हीच गोष्ट उघडपणे दिसते: टोळी माणसांची, आणि माणसे जेथे वसली ती टोली. ‘पूर’ला आरंभी तटबंदीचा अर्थ होता. आमगावाजवळचे पदमपूर हेच भवभूतीच्या पूर्वजांचे पद्मपूर, असे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशींनी प्रतिपादिले. वाकाटकांच्या एका अपूर्ण ताम्रपटातही पद्मपूर हे नाव आहे. आमगावच्या महाविद्यालयाने भवभूतीचे नाव धारण करून या मतावर आपल्या परीने मोहोर उठविली आहे. मला विचाराल तर उत्तरकाली मौजा झालेल्या गावाने कवीला परत मागावे, यात गैर काहीच नाही.

राहता राहिली क्रियापदे, आणि येथे पुण्याचा प्रमाणपणा आमगावात टिकत नाही. पुण्याची गृहिणी आमटीत मीठ घालते. येथली बिनदिक्कत टाकते, आणि त्या टाकण्यात फेकण्याची छटा लवमात्र नसते. शेतात गेले की हेच क्रियापद पुन्हा भेटते. पावसाळ्याच्या तोंडावर बियाण्याचे पऱ्हे ‘टाकतात’. ते हातभर वाढले म्हणजे उपटून त्यांच्या पेंढ्या चिखल केलेल्या बांधीत नेतात, आणि मग ओणव्या झालेल्या बायांची रांग मागे सरकत सरकत दोन-तीन काड्या चिमटीत धरून अंगठ्याने चिखलात दाबीत जाते, त्या कामाचे नाव रोवणी. कोकणात हीच लावणी. परंतु खांब रोवतात, झेंडा रोवतात, तेच क्रियापद या लवलवत्या काडीसाठी झाडीपट्टीने राखून ठेवले, त्याचे समर्थन कुळातच आहे: ‘रोवणे’ आणि ‘रोप’ ही दोन्ही ‘रुह्’ म्हणजे वाढणे या धातूच्या प्रयोजकापासून आलेली आहेत. मातीत पुरतातही आणि गाडतातही. पण धानाच्या काडीविषयी तसे बोललेले या बांध्यांत कोणी ऐकून घेणार नाही.