उधळी आणि भुंगेरा

आमचं घर लातूर जिल्ह्यातलं, माळवदाचं. दगडमातीच्या जाड भिंती, आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर सर आणि सगळ्यांच्या वर पांढऱ्या मातीचा थर. आमच्याकडं घर मोजतात ते खणांवर. आज्यानं पाच खण बांधले, दादांनी पुढं दोन वाढवले. दोन पिढ्यांचं लाकूड शेजारी शेजारी उभं होतं.

आजा बाभूळ तोडली की ओंडके ओढ्याच्या डोहात दगडाखाली दाबून ठेवायचा. सहा-आठ महिने. पाणी काळं पडायचं, घाण वास सुटायचा. मग लाकूड सावलीत वाळवायचं. सुतार वरचा पांढरा भाग तासून टाकायचा, आतला तांबूस नार तेवढा ठेवायचा. खांबाच्या बुडाला बिब्ब्याचं तेल लावून तो दगडी तळखड्यावर उभा करायचा. मातीत लाकूड पुरायचं नाही, हा आज्याचा नेम.

1972 चा दुष्काळ पडला. डोह कोरडा. घरात चुलत्याचं लग्न ठरलेलं आणि जागा कमी. दादांनी बांधावरच्या बाभळी तोडल्या. पण माणसाला प्यायला पाणी नव्हतं, तिथं लाकडाला कुठलं? ओली लाकडं पांढऱ्या भागासकट तशीच चढवली.

दोन-तीन वर्षांत वरून पिवळसर भुगा गळायला लागला. अंथरुणावर, काठवटीत, सगळीकडं. दादा म्हणाले, "उधळी लागली." वाळवीला आम्ही उधळी म्हणतो. त्या काळी घरोघर बीएचसीची भुकटी असायची. ती भिंतीच्या कडेनं टाकली, धान्याच्या कणगीखालीसुद्धा टाकली. पुढं 1997 साली सरकारनं ती बंदच केली, इतकी घातक. भुगा मात्र थांबला नाही.

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी गणपती बोळवलेले. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. आमच्या गावातही भिंती ढासळल्या. आज्याच्या पाच खणांतले दगड निसटले, पण खांबांनी माळवद धरून ठेवलं. दादांचे दोन खण बसले. चुलता-चुलती त्या रात्री लेकरांना घेऊन ओसरीत झोपले होते, म्हणून वाचले.

उजाडल्यावर दादांनी मोडका सर उचलला. बाहेरून धड, अंगावर बारीक भोकं. मुठीत दाबला तर पीठ. ते एवढंच म्हणाले, "दुखणं वर होतं, आन् आपण औषध जमिनीला घातलं."

तेव्हापासून मी दोन्ही शत्रू वेगळे ओळखायला शिकलो. उधळी जमिनीतून येते, भिंतीवर मातीची नळी काढत चढते. तिनं खाल्लेलं लाकूड आत थराथरानं पोकळ होतं, पिठासारखा भुगा गळत नाही. तिला ओल लागते. म्हणून गळती बंद करावी, सरपण भिंतीला लावून रचू नये. भुंगेरा लाकडातच वाढतो. टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं आणि खाली मैद्यासारखा भुगा, ही त्याची खूण. भुगा झाडून घ्यावा. आठ दिवसांत पुन्हा पडला तर किडा बहुतेक जिवंत आहे. त्याला लाकडातलं पिठूळ सत्त्व लागतं. आज्याच्या डोहात तेच निघून जायचं, हे मला फार उशिरा कळलं.

आज्याचे पाच खण अजून उभे आहेत. दर मृगाआधी मी खिळा घेऊन खांबांची बुडं टोचतो, सर ठोकून बघतो. भरीव आवाज आला की पुढच्या खांबाकडं जातो.