लाल गोळीचं कूळ

चौथा महिना लागला की आशाताई किंवा उपकेंद्रातल्या सिस्टर गरोदर बाईच्या हातात लाल गोळ्यांची पट्टी ठेवतात. रोज एक, निदान १८० दिवस. बाळंतपणानंतर पुन्हा तेवढ्याच. गावात तिला रक्तवाढीची गोळी म्हणतात. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असतं, आणि सोबत ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. यातल्या फॉलिक ॲसिडचं कूळ शोधत मागे गेलं, की आपण परळच्या हाफकिन संस्थेत येऊन थांबतो.

१९२८ साली डॉ. लूसी विल्स इंग्लंडहून मुंबईत आल्या. केंब्रिजला वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकून त्या पुढे डॉक्टर झाल्या होत्या. बाळंतपणात इतक्या बायका का दगावतात, याची चौकशी तेव्हा देशात सुरू होती, आणि पांडुरोगाचा भाग त्यांच्याकडे आला. गिरणगावातल्या गरीब बायका गरोदरपणात पांढऱ्याफटक पडत, धाप लागे, अन्नावरची वासना जाई. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या तांबड्या पेशी संख्येने फार कमी, पण आकाराने मोठ्या दिसत. लोह कमी पडलं तर पेशी लहान होतात. म्हणजे इथे उणीव कशाची तरी वेगळीच होती.

विल्स यांनी एस. एन. तळपदे यांच्यासोबत मुंबईतल्या बायकांच्या आहाराची आणि राहणीची पाहणी केली आणि १९३०मध्ये ती प्रसिद्ध केली. या बायकांच्या ताटात प्रथिनं, भाज्या आणि फळं फार थोडी होती. या सगळ्या इतिहासात मला हीच पाहणी सर्वांत मोलाची वाटते. औषध सापडण्याच्या आधी कोणीतरी आजारी बाईच्या चुलीपर्यंत गेलं, ती काय खाते हे नीट लिहून काढलं, आणि तिच्या दारिद्र्याची नोंद रोगाच्या कारणांत केली.

मग तसाच निकृष्ट आहार प्राण्यांना देऊन पाहिला. उंदरांवरच्या प्रयोगात उवांमधून पसरणाऱ्या संसर्गाने घोळ घातला, म्हणून प्रयोग माकडांवर नेले. त्यांनाही तसाच पांडुरोग झाला, आणि तो बरा झाला मार्माइटने. मार्माइट म्हणजे बिअर बनवताना उरणाऱ्या यीस्टचा अर्क, इंग्रज लोक पावाला लावून खातात तो काळसर खारट पदार्थ. यकृत खायला देऊन एका प्रकारचा पांडुरोग हटतो, हे १९२६पासून माहीत होतं; पण यकृताचा अर्क महाग पडे. मार्माइट त्या मानाने स्वस्त. बायकांना तो दिल्यावर तीन-चार दिवसांतच भूक परतू लागे आणि रक्तात नव्या पेशी दिसू लागत. १९३१मध्ये विल्स यांनी हे ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडलं. यीस्टमधला नेमका कोणता घटक काम करतो हे कळेपर्यंत त्याला ‘विल्स घटक’ म्हणत राहिले.

त्याचा माग पुढे पालकात लागला. १९४१ साली टेक्सासमधल्या संशोधकांनी चार टन पालकातून फॉलिक ॲसिड वेगळं काढलं. १९४५पर्यंत अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेने ते कृत्रिम रीतीने बनवलं. तिथल्या संशोधनाची धुरा आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती. त्यानंतर गोळी स्वस्तात बनणं शक्य झालं. १९७०मध्ये भारत सरकारने पांडुरोग टाळण्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, तेव्हा लोहासोबत फॉलिक ॲसिडही गोळीत आलं.

तरीही २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२ टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय आढळला. गोळीने मळमळतं, शौचाला काळं होतं, खडा होतो; असं का होतं हे नीट समजावलं नाही तर पट्टी फडताळातच राहते. ती नियमित घेतली तरी पोटात डाळ, भाजी, अंडं जायला हवंच, आणि घरात सगळ्यांच्या शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला ते उरत नाही.

फॉलिक ॲसिडचं आणखी एक काम १९९१मध्ये सिद्ध झालं. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या चाचणीत, आधी मज्जारज्जूचा दोष असलेलं मूल झालेल्या बायकांनी गर्भधारणेच्या आधीपासून ते घेतलं, तेव्हा तो दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. गर्भाची मज्जानलिका पहिल्या चार आठवड्यांतच मिटते. त्या वेळी पुष्कळ जणींना दिवस गेल्याचंही कळलेलं नसतं. चौथ्या महिन्यातली लाल गोळी या कामाला उशिराची ठरते. म्हणून पहिल्या तीन महिन्यांसाठी, आणि शक्य तर त्याच्याही आधीपासून, नुसत्या फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची वेगळी गोळी सांगितली जाते.